शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

हळद शिजवण्याचे दिवस होते. आपल्या हिंगोली-वसमत भागात या दिवसांत धडधाकट माणसे शेतात गुंतलेली असतात आणि घरातली दुखणी थोडी मागे ढकलली जातात. अशाच एका सकाळी पंचेचाळीस वर्षांचे एक शेतकरी आपल्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानांनी थोडे जड. त्यांच्या मागे सूनबाई दाराशी पिशवी धरून उभ्या होत्या.

“काय होतंय, बाबा?” मी विचारले.

“निजवत नाही, साहेब,” आजोबा म्हणाले.

“झोप येत नाही म्हणतात,” मुलाने लगेच सांगितले. “वय झालं आता. जरा झोपेची गोळी द्या.”

मी रक्तदाब पाहिला. तो थोडा वाढलेला होता. छातीला नळी लावली, पण बाहेर वीस माणसे ताटकळत होती आणि माझे लक्ष अर्धे तिकडे होते. झोपेची सौम्य गोळी लिहून दिली. दहा दिवसांनी ते पुन्हा आले, तक्रार तीच होती. मी गोळी बदलली. तिसऱ्या खेपेला मुलाला हळद बाजारात न्यायची होती, म्हणून सूनबाई एकट्याच सासऱ्यांना घेऊन आल्या. खुर्चीवर बसता बसता त्या म्हणाल्या, “साहेब, मामाला निजवतच नाही. आडवं झालं की दम लागतो. मग उठून उशीला टेकून रातभर बसतेत. झोप तर डोळ्यांवर असतीच.”

मी धोतर वर करून पाय पाहिले. दोन्ही घोट्यांवर सूज होती आणि अंगठ्याने दाबले की खळगा पडत होता. या वेळी नीट नळी लावली, तेव्हा फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर स्पष्ट ऐकू आली. आजोबांचे हृदय थकले होते. झोपेचा त्यांच्या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

त्यांना त्याच दिवशी पुढील उपचारांसाठी पाठवले. औषधांनी अंगातले जादा पाणी उतरले, आणि आठवडाभराने ते दोन उशांवर का होईना, आडवे झाले. पण त्याआधीचे तीन आठवडे माझ्या खात्यावर जमा आहेत. ज्याला श्वास पुरत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला झोपेच्या गोळ्या देणे धोक्याचे असते. त्यांनी मला पहिल्याच वाक्यात रोग सांगितला होता. तो मी ऐकला नाही.

‘निजवत नाही’ आणि ‘झोप येत नाही’

आपल्या बोलीत ‘निजणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक झोपी जाणे, दुसरा नुसते आडवे होणे. ‘झोपणे’ या शब्दाचेही तसेच आहे. मी दिवसातून कितीतरी वेळा रुग्णाला ‘टेबलावर झोपा’ म्हणतो, तेव्हा त्याने घोरावे अशी माझी अपेक्षा नसते. आजोबांनी पहिला शब्द आडवे होण्याच्या अर्थाने वापरला होता. मुलाने त्याचे भाषांतर केले आणि त्या भाषांतरात रोग हरवला.

त्यांच्या वाक्याची घडणही बोलकी होती. चालवत नाही, बसवत नाही, जेववत नाही, पाहवत नाही अशी रूपे आपण सहज वापरतो. मराठी व्याकरणात यांना शक्य क्रियापदे म्हणतात. ‘जेवत नाहीत’ या शब्दांत हट्ट असू शकतो, रुसवा असू शकतो. ‘जेववत नाही’ म्हणणारा माणूस मात्र सांगत असतो की माझी इच्छा आहे, शरीर नाही म्हणते आहे. मागच्या पिढीची माणसे ही रूपे फार नेमकी वापरतात. त्यांचे वाक्य आपल्या सोयीच्या शब्दांत बदलले की ‘जेववत नाही’ याचे ‘जेवत नाहीत’ होते. मग ज्याची तपासणी व्हायला हवी, त्याची समजूत घातली जाते.

करणे, बघणे आणि ऐकणे

त्या प्रसंगानंतर मी एका शब्दाकडे पुन्हा पाहिले. तो शब्द म्हणजे शुश्रूषा. रुग्णसेवेसाठी आपण तो वापरतो आणि त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष देत नाही.

जगातल्या वेगवेगळ्या भाषांनी या सेवेला नाव देताना वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या आहेत. युरोपच्या उत्तरेला आइसलँड नावाचे बेट आहे. तिथे २०१३ साली आपल्या भाषेतला सर्वांत सुंदर शब्द निवडण्याची स्पर्धा झाली. लोकांनी निवडलेला शब्द होता ‘ल्योसमोदिर’. ‘ल्योस’ म्हणजे प्रकाश, ‘मोदिर’ म्हणजे आई. या प्रकाशमातेचा अर्थ आहे सुईण. बाळाला अंधारातून उजेडात आणणारी बाई, असे त्या लोकांनी तिच्याकडे पाहिले. आपल्या ‘सुईण’ शब्दात प्रसवणे या अर्थाचा ‘सू’ हा धातू आहे. इंग्रजीतला ‘नर्स’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ दूध पाजणारी, पोषण करणारी. निजामी राजवटीत, म्हणजे १९४८ पूर्वी, मराठवाड्यात उर्दू शाळांत शिकलेल्या वृद्धांना ‘तीमारदारी’ हा शब्द आठवत असेल. त्यातल्या ‘तीमार’ या फारसी शब्दात काळजी आणि दुःख या दोन्हींच्या छटा आहेत.

आपल्या घरांत मात्र वेगळे शब्द चालतात. “तिने सासूचे फार केले,” असे आपण म्हणतो. “आईला कोण बघते?” असे विचारतो. म्हणजे सेवा करणाऱ्याचे हात आणि डोळे आपल्या भाषेने टिपले आहेत. अंघोळ घालणे, पथ्याचे रांधणे, कपडे बदलणे, औषधाची वेळ सांभाळणे हे सगळे ‘करण्यात’ येते. पडू नयेत, हरवू नयेत म्हणून लक्ष ठेवणे ‘बघण्यात’ येते. कान मात्र या दोन्हींत नाहीत. ते शुश्रूषा या शब्दात आहेत.

शब्दाची घडण

संस्कृतमध्ये ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. एखादी क्रिया करण्याची इच्छा दाखवायची असेल, तर धातूचे पहिले अक्षर दुप्पट करून एक खास रूप तयार करतात. ‘पा’ म्हणजे पिणे, त्यावरून पिपासा, म्हणजे पिण्याची इच्छा, तहान. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, त्यावरून जिज्ञासा, म्हणजे जाणण्याची इच्छा. त्याच रीतीने ‘श्रु’ या धातूपासून शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. ‘चिकित्सा’ हा शब्दही याच घडणीचा आहे. वैद्याची चिकित्सा आणि घरच्यांची शुश्रूषा हे दोन्ही शब्द व्याकरणाने एकाच घरातले आहेत.

ऐकण्याच्या इच्छेपासून रुग्णसेवेपर्यंत हा शब्द टप्प्याटप्प्याने आला. जुन्या काळी शिष्य गुरूच्या घरी राहून शिकत असे. गुरूचे ऐकण्याची इच्छा असलेला शिष्य त्याच्या जवळ राही, त्याने सांगितलेले करी, पाणी भरी, पाय चेपी. त्यामुळे ऐकणे, आज्ञा पाळणे आणि सेवा करणे हे अर्थ एकमेकांत मिसळले. पुढे सेवा हा अर्थ पुढे आला, आणि मराठीत तर फक्त आजाऱ्याची सेवा एवढाच उरला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बुद्धीच्या गुणांची एक यादी आहे. तिच्यात शुश्रूषा पहिली येते आणि श्रवण दुसरे. आधी ऐकण्याची इच्छा हवी, मगच ऐकणे घडते, हा क्रम मला आजही खरा वाटतो. माझ्या कानांत त्या दिवशी दोष नव्हता. आजोबांचे शब्द मला ऐकू आले होते. कमी पडली ती इच्छा.

हा शब्द अनेकदा ‘सुश्रुषा’ असा लिहिलेला दिसतो. त्यात शुद्धलेखनापेक्षा मोठे नुकसान आहे. तसे लिहिले की पहिल्या अक्षराची दुप्पट दिसेनाशी होते आणि तिच्याबरोबर इच्छेचा अर्थही जातो. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुत यांचे नाव वेगळे. तेही ‘श्रु’ वरूनच आले आहे, पण त्यात ‘सु’ म्हणजे चांगले.

‘श्रु’ धातूचे गोत आपल्याकडे मोठे आहे. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. संत नामदेवांच्या नर्सीच्या परिसरात वाढलेल्या ज्येष्ठांना हे सांगायला नको. कीर्तनाला मांडी घालून तास-दोन तास ऐकत बसणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. आईवडिलांच्या सेवेचे उदाहरण म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, त्या श्रावणबाळाच्या नावाचे नातेही श्रवणाशी जुळते. निराधार वृद्धांच्या सरकारी निवृत्तीवेतनाला त्याचेच नाव दिले आहे. त्याची कथा आठवून पाहा. श्रावणबाळ नदीवर घागर भरत असतो, तो बुडबुड आवाज दशरथ अंधारात ऐकतो, हत्ती पाणी पितो आहे असे समजतो आणि बाण सोडतो. दशरथाचा कान तर शब्दवेधी, पण आवाज ओळखल्याच्या खात्रीपोटी त्याने एकदा विचारलेही नाही की कोण आहे. अनुभवी डॉक्टरचे आणि जाणत्या मुलाचे असेच होते. पहिला शब्द कानी पडताच आपण समजून चुकतो, आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहतो.

चरकांचे चार पाय

चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुणही दिले आहेत. परिचारकाला सेवेचे ज्ञान हवे, त्याच्या हाताला कसब हवे, रुग्णाबद्दल त्याला प्रेम हवे आणि तो स्वच्छ हवा. रुग्णाच्या गुणांत स्मरणशक्ती, सांगितलेले पाळणे आणि धीर यांच्याबरोबर ‘ज्ञापकत्व’ येते. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते सांगता येणे.

म्हातारपणात नेमका हा चौथा गुण क्षीण होतो. स्मरण कमी होते, शब्द सापडत नाहीत, मुलांना त्रास नको म्हणून दुखणे लपवले जाते. काहींना पक्षाघातानंतर बोलताच येत नाही. अशा वेळी रुग्णाचे सांगणे परिचारकाने पुरे करायचे असते. ते त्याच्या जागी बोलून करायचे नसते. त्याला जवळून ऐकून, पाहून, ताडून करायचे असते. त्या सूनबाईंनी नेमके हेच केले होते. रात्री दोन वाजता उठून बसलेल्या सासऱ्यांचा श्वास त्यांनी ऐकला होता. पहिल्या दोन खेपांना मी त्यांना एक प्रश्नही विचारला नाही.

माझ्या गळ्यातल्या नळीची गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णेच्या छातीवर ठेवली आणि हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकले. त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. ग्रीकमध्ये ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोप’ म्हणजे पाहणे. ऐकण्याच्या यंत्राला त्यांनी पाहण्याचे नाव दिले. आपण सेवेला ऐकण्याचे नाव दिले आणि पाहण्यावरच थांबलो.

“आमचे म्हातारे ऐकतच नाहीत!”

ही तक्रार मी रोज ऐकतो. ‘ऐकणे’ या मराठी शब्दाचेही दोन अर्थ आहेत, कानांनी ऐकणे आणि सांगितलेले मानणे. पुष्कळ घरांत ज्याला हट्टीपणा समजतात, ते खरे तर ऐकू न येणे असते.

वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून आजी म्हणते, “आवाज येतो, पण उमगत नाही.” अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला आपल्यावर कोणी रागावले असे वाटते. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, सावकाश आणि वाक्य तोडून बोलावे. दूरदर्शन संच बंद करावा. आधी नावाने हाक मारून लक्ष वेधावे आणि मग बोलावे.

कानांत मळ साचूनही ऐकू येत नाही. तो घरी काडी किंवा पिन घालून काढू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा. त्यानंतरही कमी ऐकू येत असेल तर कानांची तपासणी करून श्रवणयंत्र घ्यावे. नव्या यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी गोंगाट वाटतो म्हणून ते पेटीत टाकून देऊ नये. अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून इतर साधनांप्रमाणे श्रवणयंत्रही मिळू शकते. हा खर्च टाळण्यासारखा नाही. स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत श्रवणदोषाला टाळता येण्याजोग्या धोक्यांत गणले आहे. ज्याला ऐकू येत नाही, तो बोलणे कमी करतो, माणसांतून उठून जातो, आणि एकटेपणात मन मिटत जाते.

लक्ष देऊन ऐकावेत असे शब्द

आपल्या घरातल्या ज्येष्ठांच्या तोंडी पुढील शब्द आले, तर त्यांना ‘वय झाले’ असे उत्तर देऊ नये.

*“निजवत नाही”, “आडवं झालं की दम लागतो.”* आडवे होताच पायांकडचे रक्त छातीकडे येते. थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. उशा किती लागतात, रात्री किती वेळा उठून बसतात, पायांवर सूज आहे का, हे पाहावे. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. बसूनही दम लागत असेल तर वाट पाहू नये.

*“जीव घाबरा होतोय”, “घाम सुटला”, “कसंतरीच होतंय.”* वृद्धांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. अचानक घाम, दम, मळमळ किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढीच खूण असू शकते. पित्त म्हणून सोडा किंवा लिंबूपाणी देत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

*“जीभ जड झाली”, “हातात काही धरवत नाही.”* हसायला सांगावे, दोन्ही हात वर करायला सांगावे, एखादे वाक्य बोलायला सांगावे. तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडला किंवा बोलणे अडखळले, तर हा पक्षाघात असू शकतो. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले, ते घड्याळात पाहून लिहून ठेवावे.

*“भलतंच बोलायला लागले.”* कालपर्यंत नीट असलेले आजोबा आज नातवाला ओळखत नाहीत, रात्री उठून शेतात निघतात. असा एकाएकी झालेला भ्रम म्हणजे म्हातारचळ नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, रक्तातले सोडियम उतरणे, लघवी तुंबणे, नवे औषध यांपैकी काहीही कारण असू शकते आणि त्यावर उपचार होतात. त्याच दिवशी दाखवावे.

*“उठलं की अंधारी येते.”* रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि माणूस पडून खुब्याचे हाड मोडू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना हे वाक्य जसेच्या तसे सांगावे. उठताना आधी काठावर बसावे, मग उभे राहावे.

*“काही नको मला”, “आता कशाला जगायचं?”* हे वाक्य चेष्टेवारी नेऊ नये आणि “असं बोलू नये” म्हणून तोडूही नये. वृद्धांचे नैराश्य आजार असते आणि औषधाने, सोबतीने बरे होते. जवळ बसून विचारावे, “कशामुळे असं वाटतं?” आणि मग थांबावे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. आजाऱ्याला भेटायला येऊन पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. “तुम्हाला काही झालं नाही, मनावर घेऊ नका,” असे आपण धीर द्यायला म्हणतो. आजारी माणसाला मात्र त्यातून कळते की आपले म्हणणे येथे कोणाला ऐकायचे नाही. तो पुढच्या वेळी सांगत नाही.

ऐकावे कसे?

दिवसातली दहा मिनिटे त्यांच्याजवळ काही न करता बसावे. हातात मोबाइल नको, औषधाची डबी नको. पाय चेपताना, डोक्याला तेल लावताना म्हातारी माणसे मोकळी बोलतात, ही आपल्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. रात्र कशी गेली, हे रोज सकाळी विचारावे, कारण वृद्धांची पुष्कळ दुखणी रात्री बोलतात. एक वही ठेवून तिच्यात त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहावेत. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, गरगर या प्रत्येक शब्दावरून डॉक्टरला वेगळी दिशा मिळते. त्या सगळ्यांचे ‘दुखते’ असे एकच भाषांतर करू नये.

दवाखान्यात आल्यावर पहिली दोन मिनिटे त्यांनाच बोलू द्यावे. त्यांचे विसरलेले तुम्ही नंतर जोडावे. रात्री जो त्यांच्याजवळ असतो, त्याने सोबत यावे, किंवा त्याने लिहिलेली वही यावी. आणि डॉक्टर घाई करत असतील तर नम्रपणे म्हणावे, “साहेब, त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या.” मला असे कोणी म्हटले असते तर बरे झाले असते.

मुले पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला असतील, तर फोनवर “औषध घेतलं का? जेवलात का?” एवढ्यावर थांबू नये. या प्रश्नांना ‘हो’ हे एकच उत्तर असते. “काल दिवसभर काय केलं?” असे विचारले की बोलता बोलता धाप लागते का, शब्द अडखळतात का, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का, हे फोनवरूनही कळते.

शुश्रूषा करणाऱ्याचे कोण ऐकणार?

शेवटी एक गोष्ट त्या दाराशी उभ्या असलेल्या सूनबाईंबद्दल. आपल्याकडे ‘करणारी’ व्यक्ती बहुतेक वेळा घरातली सून, लेक किंवा स्वतः साठी ओलांडलेली पत्नी असते. तिची झोप मोडते, पाठ दुखते, चिडचिड होते आणि चिडल्याबद्दल मन खाते. तिची तक्रार कोणत्याही केसपेपरवर लिहिली जात नाही. आठवड्यातली एक रात्र तरी घरातल्या दुसऱ्या कोणी जागावे. नातेवाईक आले तर त्यांनी आजाऱ्याबरोबर तिचीही विचारपूस करावी. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तिच्यावर घरची माणसेही बोलू शकतात.

त्या दिवशी आजोबांना पुढे पाठवण्याची चिठ्ठी लिहून झाल्यावर मी सूनबाईंना विचारले, “तुमची झोप होते का?” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग खुर्चीवर नीट टेकून बसल्या आणि बोलू लागल्या. बाहेर गर्दी होती. मी पेन खाली ठेवले आणि त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत पुढच्या रुग्णाला हाक मारली नाही.